मसाई माराच्या माळावर

मराठी कानाला 'मारा' हा शब्द दचकवणारा आहे. सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्या हळदीची अडत चालविणाऱ्या एका जैन कुटुंबातील आजींनी केनियाच्या सहलीच्या पत्रिकेवर 'मसाई मारा' ही अक्षरे प्रथम वाचली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. मसाई लोकांच्या 'मा' या भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे : ठिपक्यांचा. उंचावरून पाहिले असता पिवळ्या गवताच्या अफाट माळावर विखुरलेली बाभळीच्या जातीची झाडे, झुडपे आणि सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून तो प्रदेश 'मारा'. हे कळल्यावर आजींचे मन थोडे निवळले. पूर्ण निवळले नाही, आणि त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, हे पुढे दिसून आले.

नाताळच्या सुट्टीत निघालेल्या या कुटुंबात सहा जण होते : अण्णा व आजी, मुलगा व सून, आठवीतील नात आणि चौथीतील नातू. नैरोबीहून मोटारीने पाच-सहा तासांच्या अंतरावर, नारोक गावाच्या पुढे, सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे हे राखीव क्षेत्र पसरले आहे. दक्षिणेला टांझानियाची सीमा आहे, पण तिच्यावर कुंपण नाही; पलीकडे सेरेंगेटीचा विस्तार सुरू होतो आणि जनावरांच्या दृष्टीने तो एकच माळ आहे. या माळावर पर्यटकांना दिवसातून दोनदा, पहाटे आणि दुपार उतरताना, वर उघडणाऱ्या छताच्या गाडीतून हिंडविले जाते. या फेरीला 'गेम ड्राइव्ह' असे म्हणतात.

हा शब्दप्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. इंग्रजीतील 'गेम' म्हणजे येथे खेळ नव्हे. ज्याची शिकार करावयाची ते जनावर, असा त्याचा जुना अर्थ आहे. 'बिग फाइव्ह' हा सहलीच्या जाहिरातींतील लाडका शब्दही त्याच घराण्यातला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही पाच जनावरे सर्वांत मोठी म्हणून निवडलेली नाहीत. पायी शिकार करणाऱ्या बंदूकधाऱ्याला सर्वांत धोक्याची म्हणून ती निवडली गेली. नाहीतर जिराफाला आणि पाणघोड्याला त्या यादीतून वगळण्याचे कारण नव्हते. 1909 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत आले. त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून त्या मोहिमेत पाचशेहून अधिक जनावरे मारली, आणि हा आकडा त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, शब्द मात्र राहिले. आणि शब्दांबरोबर हाव किती राहिली, हा प्रश्न मारामध्ये रोज सकाळी पुन्हा उभा राहतो.

'सफारी' हा शब्द मात्र परका नाही. अरबी 'सफर' स्वाहिलीत 'सफारी' झाला. मराठीतील 'सफर'ही त्याच मुळाची. दुकानाला स्वाहिलीत 'दुका' आणि मोटारीला 'गारी' म्हणतात, ही तर आपल्याच व्यापाऱ्यांची आणि मजुरांची ठेव. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग 1896 ते 1901 या काळात हिंदुस्थानी मजुरांनी घातला, आणि त्याच्या कडेकडेने कच्छ-काठियावाडातील व्यापाऱ्यांनी मीठ, कापड, साखर यांची दुकाने मांडली. जामनगरच्या परिसरातील हालारी ओसवाल त्यांत मोठ्या संख्येने होते. त्याच समाजपरंपरेतून मोंबासात 1963 मध्ये जे श्वेतांबर जिनालय उभे राहिले, ते भारताबाहेरील पहिले शिखरबंदी मंदिर म्हणून ओळखले जाते. त्यामुळे नैरोबीत कांदा-लसूण-बटाट्यावाचूनचे जेवण मागितले, तर कोणी चकित होऊन पाहत नाही. सिंहाला स्वाहिलीत 'सिंबा' म्हणतात, हे ऐकून अण्णांना तेथेही संस्कृताचे नाते दिसू लागले होते. पण तो शब्द अस्सल बांटू कुळातला आहे आणि साम्य निव्वळ योगायोगाचे.

मारासाठी जगभरची गर्दी लोटते ती जुलै ते ऑक्टोबर या काळात. सेरेंगेटीचे गवत सुकू लागले की वाइल्डबीस्टांचे लाखोंचे कळप झेब्रे आणि हरणे यांच्यासह उत्तरेकडे सरकतात आणि मारा नदी ओलांडतात. नेमका हाच आपला चातुर्मास. ज्या काळात साधू-साध्वी जीवरक्षेसाठी विहार थांबवतात, त्या काळात जनावरांची यात्रा पाहण्यासाठी श्रावकाने समुद्रापार जावे, हे आजींना मुळीच पटेना. मुलाने नदी ओलांडणाऱ्या कळपाची चित्रफीत दाखविली तेव्हा तर नाहीच नाही. उंच कड्यावरून एकमेकांवर कोसळणारी जनावरे, खाली प्रवाहात वाट पाहणाऱ्या मगरी. या नदीत होणाऱ्या सामूहिक मृत्यूंचा शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे : 2001 ते 2015 या वर्षांत दरसाल सरासरी 6,250 वाइल्डबीस्ट बुडून मेले. मगरींच्या वाट्याला त्यातील अगदी थोडा भाग येतो. बाकीचे गिधाडे, मासे आणि प्रवाह यांच्याकडे जाते, आणि हाडे सुमारे सात वर्षे विरघळत राहून नदीला स्फुरद पुरवितात. एका दृष्टीने हे महाभयंकर, दुसऱ्या दृष्टीने नदीचे अन्न. कुटुंबाने डिसेंबर निवडला. तोवर छोटा पावसाळा सरत आलेला असतो, मोठे कळप दक्षिणेला परतलेले असतात. पण माराचे स्थायिक रहिवासी कोठेही गेलेले नसतात, आणि चातुर्मासही संपलेला असतो. व्यापारी घरांना मार्चअखेरचा हिशेबही आड येत नाही, हा लाभ वेगळाच.

पहिल्या पहाटे सहाच्या सुमारास गाडी निघाली तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता. हा प्रदेश विषुववृत्ताला लागून असला, तरी दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सकाळी अंगावर शाल लागते. चालक हाच मार्गदर्शक, मसाई तरुण. तो अण्णांना 'म्झे' म्हणे, म्हणजे वडीलधारे. आणि आजींना 'मामा', म्हणजे आई. आपल्याला कोणी मामा म्हणावे, याचे आजींना दोन दिवस हसू येत राहिले.

नातीने एक वही आणली होती. पाठशाळेत शिकलेल्या चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांची तिने यादी केली होती, आणि त्यातील जे जे प्राणी माराच्या माळावर दिसतील त्यांच्यापुढे खूण करावयाची, असे ठरले होते. ही कल्पना घरोघरी उचलावी अशी आहे, कारण 'बिग फाइव्ह'च्या यादीपेक्षा ही यादी मुलांना अधिक गोष्टी पाहायला लावते. पहिल्या दोन तासांतच अजितनाथांचा हत्ती, वासुपूज्यांची म्हैस आणि शांतिनाथांचे हरिण यांच्यापुढे खुणा झाल्या. शेपटी ताठ उभारून पळणारे वॉर्टहॉग दिसले आणि विमलनाथांचा वराह झाला. मुनिसुव्रतांचे कासव रस्ता ओलांडत होते. ते पार होईपर्यंत चालकाने गाडी बंद करून ठेवली. झेब्र्याला संभवनाथांचा घोडा मानावे की नाही, यावर आजी आणि नातू यांच्यात बराच वाद झाला. अनंतनाथांचे लांछन दिगंबर परंपरेत साळिंदर आहे, श्वेतांबर परंपरेत श्येन. साळिंदर रात्री हिंडते आणि ससाणे दिवसभर आकाशात असतात, त्यामुळे मारामध्ये तरी श्वेतांबर मुलांची सोय अधिक, असे सूनबाईंनी म्हटले तेव्हा अण्णाही हसले.

गेम ड्राइव्हचा बराचसा वेळ प्रत्यक्षात काहीच न घडण्यात जातो, हे चित्रपटांवर वाढलेल्या मुलांना ठाऊक नसते. सिंह दिसला तो झुडपाच्या सावलीत उताणा झोपलेला. दिवसाचे वीस तासही तो असा पडून राहतो. अर्ध्या तासात त्याने एकदा कान हलविला. नातवाची निराशा पाहून अण्णांनी त्याला महावीरांच्या पूर्वभवांपैकी सिंहाच्या भवाची कथा सांगितली : हरणावर झडप घातलेल्या सिंहापुढे आकाशमार्गाने जाणारे दोन चारणऋद्धिधारी मुनी उतरले, त्यांनी त्याला त्याच्या पूर्वजन्मांची ओळख दिली, सिंहाच्या डोळ्यांतून पाणी आले, त्याने व्रत घेतले आणि मांस सोडून समाधिमरण पत्करले. पुढे अनेक भवांनंतर तोच जीव वर्धमान झाला. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात ही कथा विस्ताराने आली आहे. नातवाने झोपलेल्या सिंहाकडे पाहून विचारले, "मग ह्याला कोणी का सांगत नाही?" अण्णांनी उत्तर दिले नाही. चालकाला प्रश्नाचा अर्थ सांगितला तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला की सिंहाचे पोट गवत पचवू शकत नाही. त्याच्या परीने तेही खरेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका वारुळाच्या उंचवट्यावर चित्त्याची मादी दिसली.

चित्ता हा शब्द आपला, प्राणी मात्र आपल्याकडून गेला. संस्कृतातील 'चित्रक'पासून निघालेले हे नाव इंग्रजीने जगभर नेले. आणि भारतातून हा प्राणी नामशेष झाल्याचे 1952 मध्ये जाहीर करावे लागले. 2022 पासून नामिबिया व दक्षिण आफ्रिका येथून चित्ते आणून मध्यप्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले आहेत. माराच्या माळावर तो आजही स्वतःच्या घरी आहे. वारुळावरील मादीजवळ तीन बछडे होते, पाठीवर राखाडी आयाळ अजून थोडी शिल्लक असलेले. चालकाने गाडी वाटेवरच, बऱ्याच अंतरावर थांबविली, इंजिन बंद केले आणि दुर्बीण आजींच्या हाती दिली. समोर दोनशे पावलांवर, कुशीवर काळा पट्टा असलेल्या थॉमसन हरणांचा लहान कळप चरत होता. त्यांत एक पाडस होते.

चित्त्याच्या शिकारीचे गणित मोठे कठीण असते. तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, पण तो वेग काही शे मीटरच टिकतो. म्हणून त्याला सावजाच्या पुष्कळ जवळ दबकत जावे लागते. धाव फसली की दम परत येईपर्यंत बसून राहावे लागते. धाव साधली तरी तरस आणि सिंह येऊन तोंडचा घास हिरावून घेतात. सिंहाशी भांडण्याची त्याची ताकद नाही. म्हणून तो बहुधा दिवसा शिकार करतो, जेव्हा सिंह झोपलेले असतात. आणि पर्यटक जागे असतात.

मादी उंचवट्यावरून उतरली. डोके खांद्यांखाली, एकेक पाऊल. गाडीत कोणी बोलत नव्हते. आजींनी दुर्बीण खाली ठेवली, डोळे मिटले आणि ओठांत णमोकार मंत्र सुरू केला. नातवाने मात्र छताच्या कठड्याला घट्ट धरले होते आणि तो पुटपुटत होता, "पळ, पळ, पळ." तो हे हरणाला म्हणत होता की चित्त्याला, हे त्यालाही सांगता आले नसते.

चालकांजवळ एकमेकांना वार्ता देणारे रेडिओ असतात. दहा मिनिटांत दुसरी गाडी आली, मग तिसरी, मग एकामागून एक धुळीच्या रेषा माळावरून याच दिशेने धावत आल्या. नातीने मोजल्या तेव्हा चौदा गाड्या झाल्या होत्या. मुलाच्या पुढे आता दुसऱ्या गाडीचे छत आले. तो चालकाच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "थोडी पुढे घ्या ना. आम्ही तुमचं बघू नंतर." चालकाने मागे वळून पाहिले. वाट तेथेच संपत होती. पुढे नुसते गवत. वाट सोडून गवतात गाडी घालण्यास राखीव क्षेत्रात मनाई आहे. पण बक्षिसीवर त्याच्या घरचे बरेचसे भागते, आणि गवतात शिरलेल्या तीन गाड्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. त्याने किल्लीला हात घातला.

"नको," अण्णा म्हणाले. एवढेच.

इतक्यात गवतातील एक गाडी छायाचित्राचा कोन साधण्यासाठी मादी आणि कळप यांच्या मधोमध गेली. हरणांनी माना वर केल्या. एकाने फुरफुरल्यासारखा आवाज केला आणि सारा कळप उड्या घेत दूर निघून गेला, पाडसासकट. मादी क्षणभर उभी राहिली, मग गवतात बसली. गाड्यांच्या दाटीत बछड्यांना आई दिसेना. ते पाखरासारख्या चिवचिवाटाने तिला हाका मारू लागले. इतक्या मोठ्या मांजराच्या पिलाचा आवाज इतका लहान असेल, असे कोणाला वाटले नव्हते.

"वाचलं बाई पाडस," आजींनी डोळे उघडून हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. सूनबाईंनी तो शब्द इंग्रजीत चालकाला सांगितला. चालक काही वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की ही मादी त्याच्या ओळखीची आहे. कालही तिची शिकार अशाच गर्दीत फसली होती. परवा काय झाले ते त्याला माहीत नव्हते. बछडे पाच होते, आता तीन आहेत.

आजींचे हात जोडलेलेच राहिले. नातीने विचारले, "आजोबा, मग आपण कोणाला वाचवलं?"

जैन परंपरेत हा प्रश्न नवा नाही. एका जिवाचे अन्न दुसरा जीव असेल, तर पाहणाऱ्याचे कर्तव्य काय, यावर आचार्यांनी विचार केला आहे आणि संप्रदायांमध्ये मतभेदही झाले आहेत. पण अण्णांनी त्या वाटेने जाणे टाळले. त्यांनी आपल्या धंद्यातला दाखला दिला. "अडत्या हळद पिकवत नाही, खातही नाही. पण सौदा त्याच्या पेढीवर होतो आणि अडत त्याच्या खात्यात पडते. मधे गाडी घातली ती दुसऱ्यांनी. पण चौदातली एक गाडी आपली आहे, आणि पुढे घ्या म्हणणारं तोंडही आपल्याच घरचं." मुलगा काही बोलला नाही. अण्णांनी चालकाला तेथून निघण्यास सांगितले.

चालकाला याचे आश्चर्य वाटले, असे त्याने दुपारी बोलून दाखविले. शिकार पाहिल्याशिवाय परतलेले पर्यटक तक्रार करतात, सहल-कंपनीकडे लिहून कळवितात. 'फार लांब उभे राहू नका' असेच त्याला बहुधा ऐकावे लागते. त्याला नियम ठाऊक नाहीत, असे नव्हे. एका प्राण्याभोवती पाचांहून अधिक गाड्या नसाव्यात, वाट सोडू नये, प्राण्याच्या मार्गात आडवे येऊ नये, इतरांच्या गाड्या रांगेत असतील तर दहा मिनिटांत जागा मोकळी करावी, हे सारे छापील आहे. नदीच्या पश्चिमेकडील 'मारा ट्रँगल' या भागाची व्यवस्था 2001 पासून एका स्वतंत्र संस्थेकडे आहे आणि तेथील पहारेकरी दंडही करतात. तरीही नियम अखेर गाडीत बसलेल्या माणसांच्या इच्छेवरच टिकतात किंवा मोडतात.

त्या इच्छेची किंमत मोजली गेली आहे. माराच्या परिसरातील चित्त्यांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे पर्यटकांची वर्दळ कमी, तेथे मादीने वाढवून स्वतंत्र होईपर्यंत जगविलेल्या बछड्यांची सरासरी 2.3 निघाली. जेथे वर्दळ फार, तेथे ती 0.2 होती. म्हणजे पाच माद्यांमागे जेमतेम एक बछडा. या भागात कोणी बंदूक झाडलेली नाही. प्रत्येक गाडीत केवळ कौतुकाने पाहणारी माणसे होती, त्यांतील कित्येक प्राण्यांवर मनापासून प्रेम करणारी.

स्वामी समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अण्णांनी गावी स्वाध्यायात ते अनेकदा वाचले होते. त्यांपैकी दोघांची त्यांना त्या दुपारी पुनःपुन्हा आठवण झाली. एक अपध्यान : दुसऱ्याचा वध व्हावा, बंधन व्हावे, असे मनात घोळविणे. 'आज तरी एखादी शिकार दिसू दे' ही सहलीतील अगदी सहज, हसत बोलली जाणारी इच्छा त्याच सदरात बसते. दुसरी प्रमादचर्या : निष्प्रयोजन भूमी, जल, वनस्पती यांची नासधूस करीत हिंडणे. वाट सोडून गवतात शिरलेल्या चाकाखाली टिटवीसारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी असतात, शेणाचे गोळे ढकलीत नेणारे भुंगे असतात, मुंग्यांच्या वाटा असतात. गवतात पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि वर्षानुवर्षे भरून येत नाही. चित्त्याची शिकार हा त्याच्या पर्यायाचा भाग. चाकाखालचा भुंगा मात्र कोणाचेच अन्न नव्हता.

यावर उपाय नाहीत असे नाही. राखीव क्षेत्राच्या उत्तरेस व पूर्वेस मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी भाडेपट्ट्याने देऊन राखलेली संरक्षित क्षेत्रे आहेत. तेथे गाड्यांची संख्या मर्यादित असते, दर अधिक पडतो, आणि भाडे थेट जमीनमालकांच्या हाती जाते. ज्याला रोकड आणि माल यांचा व्यवहार कळतो त्याला हेही कळावे, की गुरे चारण्यापेक्षा सिंह राखणे जेथे परवडते तेथेच सिंह राहतात. मसाई मूळचे गुराखी. वन्य जनावरांचे मांस ते परंपरेने सहसा खात नाहीत, हे ऐकून आजींना त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला होता. गुरांच्या मांसाचा विषय चालकाने शहाणपणाने काढला नाही. आणखी एक साधी गोष्ट कुटुंबाच्या हाती होती, ती त्यांनी चौथ्या दिवशी केली. निघण्यापूर्वीच चालकाला सांगितले की आम्हाला शिकार पाहावयाची नाही, आणि बक्षिसी ठरलेली आहे, ती काय दिसले यावर अवलंबून नाही. त्या दिवशी चालकाने रेडिओ बराच वेळ बंद ठेवला, आणि गाडी ज्या बाजूला कोणीच जात नव्हते त्या बाजूला नेली.

त्या बाजूला हत्ती होते. अकरा जणांचा कळप, पुढे वृद्ध हत्तीण, पोटाखाली एक अगदी लहान पिलू. हत्तिणीचा गर्भकाळ बावीस महिन्यांचा, म्हणजे हे पिलू सुमारे दोन वर्षे वाट पाहून आलेले. त्याला सोंडेचे काय करावे ते अजून उमगले नव्हते. ते तिच्यावरच पाय देऊन अडखळत होते. हत्तीण रस्ता ओलांडताना थांबली, तिने एक पाऊल उचलून क्षणभर तसेच अधांतरी धरले, आणि मग खाली ठेवले. वाऱ्यावर काही हुंगत असावी. पण सशासाठी अडीच दिवस पाय उचलून उभ्या राहिलेल्या हत्तीची, पुढे मेघकुमार झालेल्या जिवाची कथा सूनबाईंना माहेरी ऐकून पाठ होती. त्यांनी ती मुलांना सांगितली. गाडी तेथे तासभर उभी होती. एकही दुसरी गाडी आली नाही.

रात्रिभोजनत्यागाचा प्रश्न या फेऱ्यांत रोजच येतो, त्याची जाता जाता नोंद केलेली बरी. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळजवळ सारखाच असतो. डिसेंबरअखेरीस मारामध्ये सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. संध्याकाळची फेरी जेमतेम त्याआधी संपते आणि निवासातील जेवण साडेसात-आठला. या कुटुंबाने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसूण न घातलेले भडंग आणि खाकरे बरोबर आणले होते. ते दुपारच्या फेरीतच गाडीत घेऊन निघत आणि साडेपाचच्या सुमारास चालक मोकळ्या जागी गाडी थांबवी. फराळ कापडी पिशव्यांत आणि स्टीलच्या डब्यांत बांधलेला होता, कारण केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे आणि 2020 पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. सांडलेला दाणाही बाहेर टाकावयाचा नसतो. वानरे त्याला सोकावतात. निवासातील स्वयंपाक्याला आदल्या दिवशी सांगितले तर तो सकाळी लवकर गरम दूध आणि उकडलेल्या मक्याची सोय आनंदाने करतो. पाणी गाळण्याचे फडके आजींनी स्वतःचेच नेले होते.

चौथ्या संध्याकाळी असेच जेवण चालले असताना रेडिओ बोलू लागला. चालकाने ऐकले आणि हसून मागे पाहिले. कालची ती मादी. दुपारी, दूर उत्तरेला, एकाच गाडीच्या देखत तिने हरीण धरले होते.

"पिलांनी खाल्लं का?" आजींनी चटकन विचारले.

"खाल्लं, मामा. पोटभर."

आजींचा चेहरा उजळला. आणि दुसऱ्याच क्षणी आपण काय विचारले हे त्यांच्या ध्यानात आले. हातातली दशमी त्यांनी डब्यात ठेवली. कोणी काही बोलले नाही. पश्चिमेला एस्कार्पमेंटच्या कड्यामागे सूर्य अजून हातभर वर होता. त्या रात्री त्या नेहमीपेक्षा अधिक वेळ सामायिकाला बसल्या होत्या, आणि त्यांच्या तंबूबाहेर कंदील घेऊन थांबलेला मसाई रखवालदार त्या उठेपर्यंत पायरीवर निमूट बसून राहिला.

शेवटच्या सकाळी निघताना नातीने वही उघडली. नदीकाठी पुष्पदंतांची मगर दिसली होती, अभिनंदननाथांचे वानर तर रोजच दिसत होते, सिंहापुढे पहिल्याच दिवशी खूण झाली होती. झेब्र्याचा वाद मिटला नव्हता, म्हणून घोड्यापुढे पेन्सिलीने अर्धी खूण होती. साळिंदराची ओळ रिकामी होती. गेंडे मारामध्ये थोडेच उरले आहेत आणि ते दाट झुडपांत राहतात; चालकाला आदल्या संध्याकाळी एक जागा ठाऊक होती, पण तेथे जायचे तर वाट सोडावी लागली असती. श्रेयांसनाथांच्या नावापुढची जागा नातीने तशीच ठेवली आणि वही मिटली.